लाल ठिगळाचे हातमोजे

वस्ताद वेल्डर होता आणि हट्टी होता. यातलं आधी काय झाला, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. समुद्रात उभे करायचे लोखंडी सांगाडे जोडण्यात त्याची हयात गेली. निम्मा कारखाना त्याच्या हाताखाली शिकला, म्हणून तो वस्ताद. शिकलेल्यांत त्याची लेकही होती. नाक आईचं, पण हात बापाचे, तेवढेच रुंद आणि तेवढेच स्थिर.

कारखाना सहकारी, कामगारांच्याच मालकीचा. मोठं काम कोणतं घ्यायचं ते सगळे मिळून ठरवत, म्हणजे भांडून ठरवत. यंदा दोन कामं दारात उभी होती. एक, उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रात तेल काढायचा प्रचंड सांगाडा. दुसरं, पवनचक्क्यांचे मनोरे. जागा एकाच कामापुरती होती.

"वारा पडला की काय, फुंकर मारून दिवे लावणार?" वस्ताद जेवताना म्हणायचा.

"आणि बर्फाखाली तेल सांडलं की काय, फडक्यानं पुसणार?" लेक म्हणायची.

"भांडा, पण ताटं रिकामी करून भांडा," आई म्हणायची.

खरं सांगायचं तर वाऱ्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं. पण मनोऱ्याचे गोल सांधे यंत्र जोडतं. माणसानं शेजारी उभं राहून बटण दाबायचं. सांगाड्याच्या अडचणीच्या कोपऱ्यांत मात्र माणूसच घुसावा लागतो. बटण दाबायला वस्ताद कशाला हवा? ही भीती त्याला आतून पोखरत होती. आणि भीती बोलून दाखवायला जीभ उचलत नाही, तेव्हा माणूस तत्त्वाच्या गोष्टी सांगतो. वस्ताद देशाच्या गरजेवर बोलायचा.

लेकीकडे मात्र हुकमाचा एक्का होता, आणि तो त्यानंच दिलेला. तरुणपणी तो त्याच गोठलेल्या समुद्रावर दुरुस्तीला गेला होता. तिथे एका फुटक्या नळातलं तेल बर्फाखाली शिरलं. त्यानं वाकून पाहिलं तर पायांखालून काळा डाग सरकत होता, आणि भोवतीची सगळी शहाणी माणसं नुसती बघत उभी होती. ही गोष्ट त्यानं लेकीला लहानपणी सांगितली होती. ती विसरली नव्हती.

मतदानाच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, तो डाग तुम्ही पाहिलाय, मी नाही. माझ्यासाठी नको, त्या डागासाठी हात वर करा."

"करतो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्यानं दाराजवळच्या खुंटीवरचे हातमोजे काखेत मारले आणि तडक निघाला.

कारखान्यातल्या मतदानाची तऱ्हाच वेगळी. मागे एकदा कोणी कोणाला मत दिलं यावरून मारामारी झाली होती. तेव्हापासून सगळ्यांनी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून आणि हातमोजे चढवूनच हात वर करायचा. चेहरा दिसायला नको, आणि भाजलेल्या बोटांवरून ओळखही पटायला नको. हिशेबनीससुद्धा उसना मुखवटा घालून खुर्च्यांना धडकायचे, कारण त्या काळ्या काचेतून ठिणगीखेरीज काही दिसत नाही. उघड्या तोंडानं फिरायचा तो एकटा क्रेनवाला, हात मोजायला.

कॅन्टीनमध्ये लेक उभी राहिली आणि तिनं डागाची गोष्ट सांगितली. कोणाची, ते सांगितलं नाही. मग मुखवटे खाली आले, आणि काचेआडच्या काळोखात चाचपडत हातमोजे चढले.

"मनोरे!" क्रेनवाला ओरडला. वस्तादचा हात टेबलाखालून हलला नाही.

"तेल!" हात वर गेला.

तेल एका मतानं जिंकलं.

क्रेनवाला मनोऱ्यांच्या बाजूचा, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मुखवटे वर होताच त्यानं मागून येऊन वस्तादच्या खांद्यावर थाप मारली. "मला वाटलं होतं तू तेलवाला. तुझे ते जळके हातमोजे मनोऱ्यांसाठी वर गेलेले बघितले आणि भरून आलं रे!" मग तो लेकीकडे वळला. "आणि तू गं? गोष्टी सांगून आम्हाला रडवायचं आणि काचेआड तेलाला मत द्यायचं? ते लाल ठिगळ मी ओळखणार नाही होय?"

वस्तादनं टेबलाखाली आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावर लाल चामड्याचं ठिगळ होतं. लेकीच्या हातमोज्याला आईनं शिवलेलं.

पलीकडच्या बाकावर लेकीच्या मांडीवर त्याचे जळके हातमोजे होते. खुंटीवर तेवढेच उरले होते, म्हणून तिनं घातले होते. तिनं एकदाच बापाकडे पाहिलं. कोणीतरी "फितूर" म्हणालं. तिच्या शेजारची उठून दुसरीकडे जाऊन बसली. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. पण ती मान खाली घालून बसली. ज्या बापानं शब्द मोडला, त्याचीच अब्रू झाकत होती पोरगी.

गप्प राहिलं तर निभावेल, असं वस्तादला क्षणभर वाटलं. तसं वाटल्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली. तो उठला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हातमोजे तिचे आहेत," तो म्हणाला. "हात माझा होता."

क्रेनवाल्याचा हात त्याच्या खांद्यावरून उतरला. "का रे?"

"बटण दाबायला मला कोणी ठेवलं नसतं," वस्ताद म्हणाला. "भीती वाटली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

लेक टेबलापाशी आली. त्याचे हातमोजे तिनं त्याच्यासमोर ठेवले.

"माझे द्या, बाबा. उद्यापासून त्या सांगाड्याचं काम मलाही करायचंय."

तो हातमोजे काढायला लागला. मघाशी सहज चढलेला हातमोजा आता निघेना. शेवटी तिनंच एकेक बोट ओढून ते काढले.