तानुबाईचं मावंदं

साखरखेर्ड्यात कुणी काशी करून आलं की मावंदं ठरलेलं. यात्रेकरू वेशीशी थांबायचे, वाजंत्री त्यांना घ्यायला जायची. मग गंगेच्या कलशाची पूजा, पुरणपोळीची पंगत आणि शेवटी ज्याच्या त्याच्या तळहातावर पळीभर गंगा. तानुबाईनं आयुष्यात अशी कितीतरी मावंदी जेवली होती. तिच्या स्वतःच्या दारात मात्र एकदाही मांडव पडला नव्हता. आपण नुसत्या जेवणाऱ्याच राहिलो, कुणाला वाढलं नाही, हे तिला फार लागायचं.

तसं तिचं राहून गेलं ते कुणाच्या वाईटपणामुळं नव्हे. नवरा होता तेव्हा पोरं लहान, पोरं हाताशी आली तर नवरा गेला. मुलगा वामनराव दर दिवाळीला म्हणायचा, एवढा कापूस निघू दे, मग तुला काशीला नेतो. कापूस निघायचा आणि कापसाबरोबर दुसरं काहीतरी निघायचं. त्यात एके वर्षी म्हातारी बैलगाडीतून पडली आणि खुबा मोडला. तेव्हापासून बाजेपासून दारापर्यंत काठी टेकत जायचं, एवढाच तिचा मुलूख उरला. ती रडगाणं गाणारी बाई नव्हती, टोमणे मारणारी होती. घरात कुणी उद्या म्हटलं की ती विचारायची, म्हणजे काशीला जायचं त्या उद्याला का?

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. संकरित ज्वारीचं नवं बी आलं होतं. ते पेरायला गाव कचरत होतं तेव्हा वामनरावानं पेरलं आणि पीक असं आलं की जीपगाड्या भरून साहेबलोक बघायला येऊ लागले. त्यातून पुढं असं झालं की जपानची शेती पाहायला काही शेतकऱ्यांना सरकारनं पाठवायचं ठरवलं, आणि त्यात वामनरावाची वर्णी लागली. साखरखेर्ड्याचा माणूस विमानात बसणार म्हटल्यावर गावाचे पाय जमिनीवर कुठले राहायला!

साहेबांनी त्याला एक चित्रांचं गुळगुळीत पुस्तक दिलं. टोकियोला जाऊन काय काय चुकवू नये, ते त्यात होतं. पुस्तक ओट्याओट्यावरून फिरलं, त्याचे कोपरे मऊ पडले. राजाचा वाडा होता, भोवती पाण्याचा खंदक. रात्रीचा दिवस करणारा दिव्यांचा रस्ता होता. एक दुकान असं होतं की त्यातला जिनाच माणसाला उचलून वर नेतो. पण गावानं एकमतानं पसंत केला तो लाल-पांढरा मनोरा. त्यावर चढायचं, अख्खं शहर दिसतं का बघायचं आणि येऊन सांगायचं, असं ज्यानं त्यानं वामनरावाला बजावलं. इतक्या श्रीमंत नगरीत जाऊन मनोरा न बघता येणारा माणूस म्हणजे गावाच्या मते शुद्ध करंटा.

शेवटी पुस्तक तानुबाईच्या बाजेवर आलं. सून कोकिळा पानं उलटत होती. एका पानावर देऊळ होतं, दाराला भलामोठा तांबडा कंदील टांगलेला. देवळापुढं पाण्याचा हौद होता आणि लोक लांब दांड्याच्या पळ्यांनी पाणी घेत होते. तानुबाईनं त्या हौदावर बोट ठेवलं आणि मुलाला हाक मारली.

"हे पानी आन मले. बाकी तुले जे पाह्यचं ते पाह्य."

वामनराव हसला. ही काही गंगा नाही, असं तो म्हणाला.

"काशी तं तुनं दाखोली नाई. आता जिथं जाऊन राह्यला, तिथल्या देवाचं तरी आन. मी मावंदं घालतो."

वामनरावाचं हसू तिथंच विरलं. कोकिळानं औषधाची एक रिकामी बाटली राखेनं घासून उन्हात वाळवली आणि त्याच्या कपड्यांच्या घडीत ठेवून दिली.

तो गेला आणि इकडं तानुबाईनं नीळकंठ जोशींना बोलावणं धाडलं. गावातली पूजाअर्चा त्यांच्याकडं. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मावंदं काशीचं असतं, रामेश्वराचं असतं. समुद्रापलीकडच्या देवाचं कुणी ऐकलंय? कलशपूजेला ते बसले नाहीत तर गाव पंगतीला बसणार नव्हतं, हे तानुबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की महाराज, माझ्या खुब्याला शास्त्र विचारून बघा, तो काशीपर्यंत पोचतो का. जोशी चहा पिऊन गेले.

वामनराव परत आला त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर ही गर्दी. तिथून मिरवतच त्याला घरी आणलं. अंगण भरलं, आणि बसायच्या आतच पहिला प्रश्न मनोऱ्याचा. वामनराव म्हणाला, मनोरा नाही पाहिला, वेळ पुरला नाही. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेव पाहायचा राहिला की. लोक हसले. त्यानं वाड्याचं सांगितलं, चालत्या जिन्याचं सांगितलं, पण ऐकणाऱ्यांचं मन उडालं होतं.

सगळ्यांत जास्त राग आला तानुबाईला. लेकाचं हसं झालेलं तिला बघवलं नाही, आणि तो रागही तिनं लेकावरच काढला. सारं गाव तेवढ्यासाठी डोळे लावून बसलं होतं, तुला जमलं कसं नाही, म्हणून ती त्याला फाडफाड बोलली. वामनरावानं पिशवीतून बाटली काढली, टॉवेलात गुंडाळलेली, आणि तिच्या मांडीवर ठेवली.

जोशी आले, पण मावंद्याच्या आदल्या दिवशी. कुठलंही असो, पाणी म्हणजे वरुण, आणि वरुणाच्या पूजेला मी नाही म्हणणार नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या रात्री तानुबाई पोटभर जेवली.

मांडव पडला. कलश मांडला. काही लोक श्रद्धेनं आले, काही गंमत बघायला, पण आले. बीबी गावाहून शंकरराव आले. जपानच्या दौऱ्यात ते वामनरावाच्या बरोबर होते. तानुबाई कलशाजवळ पाटावर बसली होती. तीर्थ तिच्याच हातून द्यायचं होतं. पंगत अर्ध्यावर आली तसा कुणीतरी वामनरावाला पुन्हा चिमटा काढला, आमच्या मनोऱ्याचं काय झालं म्हणून. शंकररावांनी हातातला घास खाली ठेवला.

"त्यानं नाई सांगतलं का तुमाले?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. देवळापुढं बस थांबली तेव्हा अर्ध्या तासात परत या, पुढं मनोरा आहे, असं सगळ्यांना बजावलं होतं. तिथं लोक जोडे घालूनच देवळापर्यंत जातात. वामनरावानं मात्र देवळाच्या पहिल्याच वेशीत जोडे काढले. आधी दर्शन घेतलं. मग हौदाशी आला, तर लोक तिथं हात धुताहेत, चुळा भरताहेत. ते उष्टं पाणी आईच्या मावंद्याला कसं न्यायचं? वरून जी बारीक धार पडत होती, तिच्याखाली बाटली धरून तो उभा राहिला, ती भरेपर्यंत. परत वेशीत आला तर जोडे नाहीत. कुणा सज्जनानं ते हरवलेली वस्तू म्हणून पोलिसचौकीत नेऊन दिले होते. जोडे सापडले तोवर बस मनोऱ्याकडं गेली होती. पोलिसानं त्याच्या खिशातला हॉटेलचा कागद वाचून त्याला टॅक्सीत बसवलं.

"आमी मनोरा पाहून आलो तं हा बाटली मांडीवर घेऊन बसला होता," शंकरराव म्हणाले. "म्हने, भरली एकदाची."

पंगत पुन्हा हसली, पण आता त्या हसण्यात टोचणी नव्हती. तानुबाई हसली नाही. जेवणं उरकली, लोक हात धुऊन एकेक पुढं येऊ लागले आणि ती पळीनं तीर्थ देत राहिली. सगळ्यांच्या शेवटी वामनराव ओंजळ धरून बसला.

"जोडे घालून भरलं असतं तं मले का समजनार होतं?" तिनं विचारलं.

"मले तं समजलं असतं ना, माय."

तानुबाईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. भरल्या अंगणात ज्याचं हसं झालं होतं, त्या लेकाच्या तोंडावरून तिनं ओला हात फिरवला. मग कोकिळाला म्हणाली की बाटलीत उरलंय ते राहू दे, बुचाला मेण लाव. शेवटच्या घडीला ते तिला तोंडात हवं होतं. जोशींनी समजावून पाहिलं. त्या वेळी गंगाच लागते, आणि आपल्याकडची आपण स्वतः आणून देऊ, असं ते म्हणाले.

"गंगा साऱ्याइची हाय, महाराज. हे माह्या लेकानं माह्यासाठी भरलं."

त्यानंतर तानुबाई पाच-सहा वर्षं जगली. उद्याचे टोमणे तिनं सोडून दिले. दारात कुणी नवा माणूस आला की भिंतीतल्या देवळीतली बाटली त्याला दाखवायची आणि जोड्यांची गोष्ट सांगायची. तिच्या सांगण्यात ते जोडे दरवेळी थोडे आणखी लांबच्या चौकीत जायचे.

एका चैत्रात तिनं अंथरूण धरलं आणि पुन्हा उठली नाही. निरोप गेला तसे जोशी लगबगीनं आले, हातात गंगेची सीलबंद लोटी होती. उंबऱ्यात पाय टाकता टाकता त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी लोटी उपरण्याखाली घेतली आणि कोकिळाजवळ ती बाटली मागितली. वामनराव नुकताच शेतातून धावत आला होता. त्यानं अंगणात जोडे काढले, पाय धुतले आणि मग बाटली हातात घेतली.