बाण कुणीकडून काढायचा

मी युनियनची पत्रकं लिहून लिहायला शिकलो. पत्रकात वाक्य लहान लागतं, दोषी कोण ते वरच्या ओळीत सांगावं लागतं, आणि वाचणारा टपरीवर उभा असतो, त्याचा चहा संपायच्या आत आपलं म्हणणं संपलं पाहिजे. त्यामुळं वहिनींनी त्यांच्या पीएचडीची आकृती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून "काय कळतंय का सांगा, भावजी" म्हटलं, तेव्हा मी आधी दोषी शोधायला लागलो. कागदावर फक्त गोल, चौकोन आणि बाण होते.

वहिनी इथल्याच एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतात. विषय त्यांनी निवडला होता फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, कामगारांची सुरक्षेबाबतची वागणूक आणि अपघातांचा खर्च. कोल्हापुरात फौंड्रीला तोटा नाही, माणसं भेटायला लांब जायला नको, हा त्यांचा हिशेब. त्यांनी मला समजावलं ते असं: माणसाची वृत्ती फूटपट्टीनं मोजता येत नाही. म्हणून तिच्या आजूबाजूचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून आत काय असेल त्याचा अंदाज बांधायचा. विचारलेलं ते चौकोनात, अंदाजानं मानलेलं ते गोलात. मग गोलाकडून गोलाकडे बाण, म्हणजे कशामुळं काय होतं ते. संगणक एवढंच सांगतो, की तुमची आकृती लोकांच्या उत्तरांशी किती जुळते. ह्याला स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग म्हणतात.

त्यांच्या कागदावर तीन मोठे गोल होते. पहिल्यात वृत्ती, दुसऱ्यात वागणूक, तिसऱ्यात खर्च. बाण डावीकडून उजवीकडं. वृत्ती चांगली तर वागणूक चांगली, वागणूक चांगली तर खर्च कमी. खर्चात सगळं येतं, त्या म्हणाल्या: दवाखाना, खाडे, बिघडलेला माल.

मी विचारलं, मालकाचा गोल कुठं आहे? त्यांनी कोपऱ्यातला एक लहान गोल दाखवला. व्यवस्थापनाची बांधिलकी. त्याच्यापासून वृत्तीकडं एक बारीक बाण जात होता.

"बारीक का?"

"उत्तरं तशी आलीत. मी काय करू?"

उत्तरं कशी आली ते मला माहीत होतं, कारण पेनं वाटायला मीच गेलो होतो. मामा कामाला होते नेमकी तीच ती फौंड्री. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, राहायला कोडोलीला, रोज मोटारसायकलवरून कामाला येणारे. कॅंटीनमध्ये सगळ्यांना बसवलं होतं, पुढ्यात चहा ठेवला होता, सुपरवायझर दाराला टेकून उभा. प्रश्नावली परदेशातल्या कारखान्यांसाठी केलेली, वहिनींनी मराठीत आणलेली. एक जण मोठ्यानं वाचायला लागला आणि बाकीचे त्याच्या कागदात बघून टिक करायला लागले. आपापलं भरा म्हणून वहिनींनी दोनदा विनवलं. तेव्हा एक जण म्हणाला, "मॅडम, आमचं सगळ्यांचं एकच हाय की. येगळं कुणाचं लिवू?" सगळे हसले. सुपरवायझरही हसला. मामांनी वरपासून खालपर्यंत 'पूर्ण सहमत'वर टिक केली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, पास झालो न्हवं?

घरी आलेल्या पाहुण्यानं सगळं ठीक ना विचारलं तर कोण घरातली भांडणं सांगतं? ह्या माणसांनी वहिनींना पाहुणीसारखं वागवलं. मला तेव्हा त्यात गंमत वाटली. पुढं काही महिन्यांनी मामांच्या डोळ्यात रसाचा थेंब उडाला.

रस म्हणजे वितळलेलं लोखंड. भट्टीतून तो लाडलमध्ये घेतात. लाडल म्हणजे लांब दांड्यांची बादली समजा, दोघांनी दोन बाजूंना धरून न्यायची आणि वाळूच्या साच्यात ओतायची. वाळूत ओल राहिली की रस उसळतो. त्या दिवशी राहिली होती. वाळूच्या ओलीबद्दल त्या लांबलचक प्रश्नावलीत एक प्रश्न नव्हता. मामांचा उजवा डोळा गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दुसरं ऑपरेशन लवकर झालं तर थोडं परत येईल असं म्हणाले. मामा ठेकेदाराकडचे, त्यामुळं विम्याचं कार्ड नाही. पहिल्या ऑपरेशनचं कंपनीनं बघितलं. दुसऱ्याच्या वेळी हात वर केले.

कायदा मला पाठ आहे, कारण त्यावर मी पत्रक काढलंय. कामावर इजा झाली की भरपाई मालकानं द्यायची, कामगाराचं चुकलं असलं तरी. मालकाला पळवाटा मोजक्याच, त्यातली एक अशी, की दिलेलं सुरक्षेचं साधन कामगारानं जाणूनबुजून बाजूला ठेवलं असेल तर. कंपनीनं तेच धरलं. मामांच्या डोळ्यावर गॉगल नव्हता.

मी एचआरवाल्या साहेबांना भेटायला गेलो. मऊ बोलणारा माणूस. मला 'नेते' म्हणाला, चहा मागवला. म्हणाला, आम्ही गॉगल देतो, सह्या आहेत. माणसंच घालत नाहीत, मानसिकता आहे. आणि हे मी म्हणत नाही, तुमच्याच घरातल्या मॅडमनी आम्हाला इथं पडद्यावर दाखवलंय.

घरी येईपर्यंत माझं डोकं भट्टी झालं होतं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. मी नको ते बोललो. म्हटलं, तुमच्या गोलाचौकोनांनी मामांचा डोळा खाल्ला. तुमचं शास्त्र म्हणजे मालकाला हवं ते इंग्रजीत लिहून देणं. तुम्हाला पदवी मिळेल, मामांना काठी.

भाऊ मध्ये पडला नाही. वहिनींनी गॅस बंद केला, हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन आल्या. मला वाटलं आता आकडे फेकून मारतील. त्यांनी बाण उलटे केले. खर्चाकडून वागणुकीकडं, वागणुकीकडून वृत्तीकडं. पुन्हा चालवून बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"किती जुळतंय बघा."

"आधी किती होतं?"

"एवढंच. काडीचा फरक नाही."

मला क्षणभर कळलं नाही. त्यांनी सांगितलं, की सगळी उत्तरं एकाच दिवशी, एकाच बैठकीत घेतलेली. आधी काय झालं आणि नंतर काय, हे त्या उत्तरांत नाहीच. दोन गोष्टी जोडीनं हलतात एवढं संगणकाला दिसतं. कोण कुणाला हलवतंय हे बाण काढणारा ठरवतो. आधीच्या अभ्यासांत बाण असेच होते, गाईडनी तसेच काढायला सांगितले, त्यांनी काढले.

म्हणजे उलट्या बाणांचा अर्थ काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, असाही असू शकतो, की जिथं साधन घालून माल बिघडतो, खाडे पडतात, तिथं माणसं साधन काढून ठेवतात. आणि मग साधनाला किंमत नाही असं बोलायला लागतात. वृत्ती सगळ्यात शेवटी येते.

मी लगेच म्हटलं, हेच खरं आहे, हेच छापू. वहिनींनी लॅपटॉप मिटला.

"भावजी, तुम्ही तर प्रश्नावली वाटायच्या आधीच बाण काढून बसला होता. माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?"

हे मला लागलं. अजूनही लागतं. कारण फरक आहे असं मला वाटतं, आणि तो मला धड सांगता येत नाही.

पण त्या आल्या. मामांच्या भरपाईवर कंपनीत पुढची बैठक ठरली तेव्हा गाईडना न विचारता आल्या. मी मामांना वाटेत बजावलं, तुम्ही तोंड उघडायचं नाही, बोलायचं काम माझं. मामांनी मान हलवली. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट, लग्नाला निघाल्यासारखे.

साहेबांनी वहिनींचाच कागद पुढं ठेवला. वहिनी म्हणाल्या, हा बाण मी काढलाय, उत्तरांनी काढलेला नाही. उलटा काढला तरी तेवढाच जुळतो. तसं मी लेखी द्यायला तयार आहे.

साहेब हुशार. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, मग दोन्हींतलं खरं कुठलं, मॅडम?

"ते ह्या कागदावरून नाही कळणार. ह्यांना विचारलं पाहिजे."

मी वहिनींकडं बघितलं. त्यांना असं बोलायचं कारण नव्हतं. साहेब मामांकडं वळले आणि आवाज आणखी मऊ करून म्हणाले, सांगा मामा, गॉगल होता का नव्हता?

"हुता की. कपाळावर."

"कुणी काढला?"

"मी काढला. काढल्याबिगर दिसत न्हाय. भट्टीपाशी गेलं की काचंवर वाफ धरती. दुसऱ्या टोकाला जोडीदार असतोय. मला न्हाय दिसलं तर रस त्याच्या पायावर जातोय. साचा बिघडला तर दोघांच्या नावावर लागतोय ते येगळंच. सगळीच काढत्यात. तुमचा सुपरवायझर बी काढतोय."

साहेब लिहीत होते. मी त्यांच्या पेनाकडं बघत होतो. 'स्वतः काढला' एवढं लिहून पेन थांबलं.

वहिनी म्हणाल्या, "का काढला ते पण लिहा."

"'का'ला कॉलम नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर मी मामांवर चिडलो. म्हटलं, एवढं एकच मागितलं होतं, गप्प बसा म्हणून. आता जाणूनबुजून काढला हे तुमच्याच तोंडून गेलं. मामा मोटारसायकलला टेकले. गाडी मी चालवणार होतो, त्यांना चालवू देत नव्हतो, त्याचा त्यांना राग होता.

"मग काय लबाड बोलू? त्याचा पाय वाचवायला काढला. ते चांगलं काम हाय का वाईट?"

"चांगलं आहे, पण कायद्यात बसत नाही."

"मग तुमचा कायदा नीट करा की, पावणं."

सख्ख्या भाच्याला पावणं म्हणाले. वहिनी हसल्या आणि लगेच त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

आम्ही दावा टाकला. दुसरं ऑपरेशन लांबत गेलं, आणि लांबलं तसं डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'थोडं परत येईल' हेही पातळ होत गेलं. वहिनींनी उलट्या बाणांचं प्रकरण प्रबंधात घातलं. गाईडनी ते परिशिष्टात ढकला, नाहीतर काढा, असं सांगितलंय. वहिनींनी अजून दोन्हींतलं काही केलेलं नाही आणि प्रबंधही दिलेला नाही. भाऊ जेवताना तो विषय काढत नाही.

दाव्यात एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं. वाफ धरणारा गॉगल घालून ओतकाम होतच नाही, हे तिथं काम करणाऱ्या कुणीतरी येऊन सांगायला हवं. आणि ते सांगू शकणारा जवळचा माणूस एकच, मामांचा जोडीदार. तो अजून तिथंच कामाला होता. त्याच्याकडं जाऊ म्हणून मी मामांच्या मागं लागलो. मामा आज-उद्या करत राहिले. त्याच्या पोटावर का पाय देतोस, म्हणायचे. शेवटी एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. जोडीदार पेठ वडगावजवळ वस्तीवर राहतो.

तो दाराच्या आतच खाटेवर बसला होता. डाव्या पायाला गुडघ्याच्या खालपासून बॅंडेज, पाय उशीवर. मामा उंबऱ्यातच थांबले.

मामांच्या अपघातानंतर कंपनीनं गॉगलची सक्ती केली होती. काढला की दंड. मामांच्या जागी लाडलच्या दुसऱ्या टोकाला नवा माणूस दिला होता, पन्हाळ्याकडचा, कामाला तयार. त्यानं कंपनीच्या हुकुमाप्रमाणं गॉगल घातला होता. काचेवर वाफ धरली, साच्याचं तोंड त्याला दिसलं नाही, लाडल कलली. जोडीदाराच्या बुटात रस गेला.

"दोघांनी बी गॉगल घाटलेलं बरं का," जोडीदार म्हणाला. "कागदावर सगळं बराबर हाय. साहेब म्हणाला, वागणूक एकदम चांगली."

माझ्या डोक्यात तेवढ्यात पत्रकाची वरची ओळ तयार झाली. चांगली होती, टपरीवर चालली असती. त्या खाटेसमोर उभं राहून ती मला ओकारीसारखी वाटली. हा माणूस मला पाहिजे होता तो पुरावा होऊन बसला होता, पाय उशीवर टाकून.

मी साक्षीचं बोललो नाही. मामांनीही काढलं नाही. त्यांनी खाटेच्या पायथ्याशी बसून बॅंडेज कुणी बांधलं, पू येतोय का, साखरेची तपासणी केली का, असलं विचारलं. जोडीदाराची बायको चहा घेऊन आली, ती मामांच्या डोळ्याकडं बघायचं टाळत होती. बराच वेळ म्हशीवर बोलणं झालं. निघायला उठलो तेव्हा जोडीदारच म्हणाला,

"तारीख कदी हाय तुमची?"

मामा म्हणाले, तुला काय करायचंय, तू कामावर हजर हो आदी.

"कशावर हजर होऊ? ह्या पायावर?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "पावणं, तुमी सांगा. गाडी तेवढी घेऊन या. मला चालत येता यायचं न्हाय."

मी तारीख सांगितली. मामांनी चांगल्या डोळ्यानं उशी बघितली, ती पायाखालून सरकली होती, वाकून ती परत नीट केली, आणि मग बाहेर पडले.