बैल वळतो तशी ओळ

इंग्रज देश सोडून गेले, पण जाताना इंग्रजीच्या किल्ल्या आमच्या शेजारच्या मास्तरांकडे ठेवून गेले, असं माझं ठाम मत आहे. इतवारीतल्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि शाळा सुटली की उरलेल्या नागपूरला शिकवत. शब्द दिसला की त्याचं मूळ खणायचं, ही त्यांची खोड. एकदा मला ताप आला, तर थर्मामीटर माझ्या तोंडात खुपसून त्यांनी त्यातली 'उष्णता' आणि त्यातलं 'माप' थेट ग्रीकांच्या घरून आणलं. त्यात पाऊण तास गेला. असा श्रोता पुन्हा मिळाला नाही, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते.

कुहीचा, म्हणजे त्यांच्या गावाचा, विषय निघाला की मात्र मास्तर गप्प. शेती टाकून शिकायला पळाले म्हणून तिथल्या मोठ्या भावानं बारा वर्षं अबोला धरला होता. दर दिवाळीला मास्तर धोतर पाठवत, ते न उघडताच परत येई. मास्तर ते ट्रंकेत ठेवत आणि दिवसभर डिक्शनरीत तोंड घालून बसत. फार वाईट वाटायचं हो बघून.

अशाच एका दिवाळीत ते धावत माझ्याकडे आले. 'बुस्ट्रोफेडन' सापडला होता. म्हटलं, हा कुठला रोग? तर ते क्रियाविशेषण निघालं. जुने ग्रीक एक ओळ डावीकडून लिहीत, तर पुढची उजवीकडून. 'बुस' म्हणजे बैल, 'स्ट्रोफे' म्हणजे वळण. शेतात बैल वळतो तसं. सांगता सांगता मास्तरांनी डिक्शनरी फटकन मिटली. "हे दादाले सांगा लागन," म्हणाले. एकट्यानं जायची छाती नव्हती, म्हणून मलाही मोटारीत कोंबलं.

कुहीला दादा हरभरा पेरत होते. मास्तरांनी बांधावरून ग्रीस सुरू केलं. दादा पेरणीची तीन फणांची तिफण घेऊन बांधाशी येत, बैल वळवत आणि निघून जात, त्यामुळे ग्रीस त्यांना हप्त्याहप्त्यानं कळलं. चौथ्या खेपेला ते थांबले.

"इतके वर्ष बुकं वाचून अखेर बैलापाशीच आला नं गा? धर मंग तिफण."

मास्तरांनी धरली. ओळी अशा काही गेल्या की बैलांनीसुद्धा मागं वळून पाहिलं.

महिन्याभरानं मास्तर अख्खी ट्रंकच घेऊन कुहीला निघाले. मी होतोच. हरभरा वीतभर आला होता, सगळ्या ओळी सरळ आणि मधल्या मास्तरांच्या तीन सापासारख्या. त्या मोडून पुन्हा पेरल्या का नाहीत, असं मी विचारलं. दादांनी ट्रंकेतलं वरचं धोतर उचलून खांद्यावर टाकलं.

"राहू दे. लहान्यानं लिवलं हाय थे."

मास्तरांनी तोंड फिरवलं. परतीच्या मोटारीत त्यांनी एकाही शब्दाचं मूळ सांगितलं नाही आणि खरं सांगतो, मला अजिबात करमलं नाही.