भगवान भाऊजींनी पंप बंद केला

आमच्या कामोठ्यात, म्हणजे सेक्टरांच्या इमारतींमागे जे मूळ गाव उरलंय त्यात, माझ्या भिंतीला भिंत लावून भगवान भाऊजींचं घर आहे. भिंत पातळ, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंच मला आपोआप कळतं. उरलेलं त्यांची बायको भामा येऊन सांगते.

भाऊजी तळोज्याच्या एका कारखान्यात पंप चालवतात. यंत्रं थंड ठेवणारं पाणी फिरवणारे हे मोठे पंप, ते थांबले की कारखाना थांबला. त्याच कारखान्यात चहा-नाश्त्याचं काम माझ्याकडे. म्हणजे हा माणूस घरी आणि कामावर दोन्हीकडे माझ्या तावडीत.

कुठलीही गोष्ट झटकन सुरू करणं त्यांना जमतच नाही. कामावर ते बरोबरच आहे म्हणा. आधी वीज तोडून कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरता दांडा, हाताने फिरवून बघायचा, अडत तर नाही ना. त्यावरची संरक्षक जाळी परत घट्ट बसवायची. पाणी आत येणारा वॉल्व पुरता उघडायचा आणि वरची बारीक तोटी सोडायची. फुरफुर थांबून सलग धार लागली की हवा गेली, नाहीतर पंप कोरडा फिरून आतून जळतो. मग कुलूप काढायचं, बाहेर जाणारा वॉल्व जरासाच उघडा ठेवून बटण दाबायचं आणि दाबाचा काटा चढला की वॉल्व हळूहळू मोकळा करायचा. पण हा माणूस घरातला मिक्सरसुद्धा असाच लावतो. भामा म्हणते, चटणी होईपर्यंत भाकऱ्या निवतात. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसायच्या आधी भाऊजींनी घोड्याला फेरी मारून पट्टा ओढून पाहिला. घोडेवाला म्हणाला, काका, मग तुम्हीच बसा.

पंप सुरू झाला की ते लांब स्क्रूड्रायव्हर काढत. टोक बेअरिंगच्या कवचावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आतली बारीकशी खरखरही त्यांना तिथून कळायची. मी त्यांना पंपांचे डॉक्टर म्हणायचे. ते म्हणायचे, वयनी, तुमची नाडी मातर कोनाला सापडायची नाय. माझा एकही टोमणा त्यांनी कधी फुकट जाऊ दिला नाही.

यंदा पुतण्याच्या, प्रितमच्या हळदीला मात्र टोमणा फुकट गेला. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे असा की ताटातली वाटी आपोआप सरकते. म्हाताऱ्यांनी खुर्च्या उचलून गल्लीचं टोक गाठलं होतं. भाऊजी स्पीकरच्या बॉक्सच्या पुढ्यात बसून निवांत मटण जेवत होते. गाणं संपल्यावर मी मागून विचारलं, नवरदेवाचे काका आहात की डीजेवाल्याचे? उत्तर नाही. आणखी एक झणझणीत सोडला. तोही वाया. समोर जाऊन उभी राहिले तर ते माझ्या ओठांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी भामाला गाठलं. ती स्वतःहून काही बोलेना, तेव्हाच मी समजले. मग म्हणाली की कान जाऊन वरीस व्हायला आलं. कारखान्यात कळलं तर त्यांना पंपांपासून उचलून गेटवर बसवतील, याच धास्तीने ते गप्प होते.

"गेटवर बसवला ना, तर मानूस खचंल माजा," भामा म्हणाली.

मी कोणाकडेही बोलले नाही. गावात कोणाचा यावर विश्वास बसणार नाही, पण नाही बोलले.

मग एका सकाळी मधल्या पंपाचं बेअरिंग बदलून झालं. सुरू करायला भाऊजी, बघायला पंपांवरचे इंजिनीअर केतन साहेब आणि दमयंती. ही दमयंती मोरा बंदरावरच्या कोळ्याची मुलगी, वडिलांची बोट आहे, आणि इथे ती भाऊजींच्या बरोबरीची ऑपरेटर. मी चहाची किटली घेऊन दाराशी पिवळ्या पट्ट्याबाहेर उभी. भाऊजींनी सगळं रीतीने केलं, पंप सुरू झाला, काटा चढला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला. मग पुन्हा पहिल्या. आता मान हलवून 'ठीक' म्हणाले असते तर कोणी शंका घेतली नसती.

भाऊजींनी हात लांब करून पंप बंद केला.

साहेबांनी जवळ येऊन विचारलं, काय ऐकलंत?

"काय नाय आयकला, सायेब. म्हनून बंद केला." स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत म्हणाले, "पंप चांगला असंल, वायट असंल. मना आता कळत नाय."

साहेबांनी पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर नेलं. पंप मग साहेबांनी आणि दमयंतीने सुरू केला. त्यात काहीही बिघाड नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं ऐकणं परत यायचं नाही, उरलेलं जपा. पंपांच्या आवाजापासून कान वाचवायला कानात घालायची बोंडं कंपनीने केव्हाच दिली होती. भाऊजींनी ती खिशात बाळगली, कारण कान बुजवला तर पंपाचं दुखणं कळणार कसं?

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून मिक्सरचाही आवाज आला नाही. मग कारखान्यातून निरोप आला. गेट नाही. पंप सुरू करायचं काम भाऊजींकडेच, पण एकट्याने नाही, आणि ऐकायचं दमयंतीने.

त्यानंतर ते पहिल्यांदा पंप सुरू करणार होते, त्या दिवशी मी चहा घेऊन मुद्दाम लवकर गेले. भाऊजींनी धार बघितली, काटा बघितला. दमयंतीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि ते वॉल्ववर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने मान डोलावली. त्यांनी वॉल्व पुरता उघडला.

बाहेर आल्यावर चहा हातात घेऊन त्यांनी तिला विचारलं, कसा वाजतो?

ती म्हणाली, चांगला वाजतो, काका.

"चांगला म्हंजे कसा?"

दमयंतीने विचार केला. त्यांना दिसेल अशी समोर उभी राहून सावकाश म्हणाली, "पानी शांत असलं ना, की बाबांची बोट बंदराशी येते. तवा इंजिन वाजतं तसा. एकसारखा."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि म्हणाले, "परत सांग."