तीन महिन्यांनी या

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांची मापं घेण्यात घालवलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या छाती-कंबर त्यांना तोंडपाठ. मग नजर अधू झाली, शिलाईचं दुकान बंद झालं, बायको गेली. मुलगा दूरच्या शहरात. तो फोनवर "बरं आहे ना?" विचारायचा आणि "बरं आहे" ऐकायच्या आत ठेवूनही द्यायचा.

बीपी वाढलं तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सिस्टरने त्यांना दर मंगळवारी बोलावलं. ती दंडाला पट्टा बांधायची, नाडी बघायची, "झोप लागते का? जेवलात का?" विचारायची. सगळं मिळून पाच मिनिटं. पण मास्तर त्यासाठी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत. एरवी आठवडाभर त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागत नसे.

दोन महिन्यांत बीपी उतरलं. सिस्टर खूश. "शाब्बास, मास्तर. आता तीन महिन्यांनी या."

मास्तरांचा चेहरा पडला. घरी येऊन त्यांनी काय अक्कल चालवावी? गोळ्याच बंद केल्या. महिन्याभरात गरगरायला लागलं, केंद्रात गेले तर बीपी आभाळाला टेकलेलं. डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली, मंगळवार पुन्हा सुरू झाला. दोन्ही गोळ्या बटणांच्या डब्यात जाऊ लागल्या. "असंच राहिलं तर एक दिवस अंग लुळं पडेल," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी मान डोलावली. लोक अशा माणसाला वेडा म्हणतात; म्हणोत बापडे.

सिस्टरला मात्र शंका आली. एका दुपारी ती मशीन घेऊन थेट घरी आली. बीपी मोजलं आणि गोळ्या दाखवा म्हणाली. मास्तर खोटं बोलण्यात कच्चे. त्यांनी डबा पुढे केला.

"का, मास्तर?"

"बीपी उतरलं की तुम्ही तीन महिन्यांची तारीख देता."

सिस्टर खुर्चीत बसली. तिच्या वाट्याला चार वस्त्या आणि शेकडो कार्डं होती. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"उतरेपर्यंत मंगळवारी या. मग तीन महिन्यांनीच. दर आठवड्याला नाही जमायचं हो मला," ती म्हणाली. "पण तुम्ही अंथरुणाला खिळलात तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल."

असं त्यांना कित्येक वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मास्तरांनी पाणी आणलं आणि तिच्यासमोर दोन्ही गोळ्या गिळल्या.

सिस्टर पिशवी उचलून दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि तिने मशीन बाहेर काढलं.

"आत्ताच तर मोजलंत," मास्तर म्हणाले.

"हात पुढे करा," ती म्हणाली, आणि सावकाश पट्टा बांधू लागली.