शेजारणीची लाटी

रोह्यात माझं लेबलं आणि पाकिटं छापायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक माल आणतं, मी त्याला गोष्ट जोडून देते. माझ्या कृपेने तालुक्यातला निम्मा मसाला शंभर वर्षांचा झालाय.

पेणला राहणाऱ्या माझ्या ताईने कंपनीतली शिफ्ट सोडून पोह्यांचे पापड विकायला घेतले, तेव्हा तिच्या पाकिटावरही मी नथवाली आजी काढली. खाली लिहिलं, ‘आजीच्या हातची परंपरा’. ताईने ते वाचलं आणि पोट धरून हसली.

“आपली आजी पापड इकत आणायची. ते पण भाजताना करपवायची.”

“मग तुझ्या पापडाची गोष्ट काय?”

“गोष्ट कसली? पापड हाय तो.”

मी वैतागून ओट्यावर बसून राहिले. ताईने पीठ कुटलं, त्याची लाटी, म्हणजे लाटायच्या आधीचा कच्चा गोळा, तेलात बुडवली आणि समोरच्या घरी नेऊन दिली. तिथल्या भाभीचा नवरा कुवेतला असतो. ताई पापड शिकली ती तिच्याच हाताखाली. भाभीने लाटी चावली, मान हलवली, मगच ताईने पोळपाट काढला. हे रोजचंच, म्हणून तिला त्यात सांगण्यासारखं काही दिसलं नव्हतं. मी आजीला तिथल्या तिथे निवृत्त केलं आणि पाकिटावर एकच ओळ छापली: ‘शेजारणीने चाखल्याशिवाय आम्ही लाटत नाही.’

कोलाडला हायवेवरच्या एका दुकानदाराला ती ओळ फार आवडली. गाडी थांबवून लोक विचारायचे म्हणे, ही शेजारीण कोण? त्याने मोठी ऑर्डर दिली. ताईची पहिलीच. आणि त्याच आठवड्यात रमजान लागला.

भाभीचे रोजे सुरू झाले. ताई सकाळी पीठ कुटून ऊन तापायच्या आत लाटणारी. आता चाखणार कोण? तिने पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला. अडचण कळल्यावर दुकानदाराचा फोन आला, “ताई, चाखलं नाय तरी कोणाला कळणार हाय? शनिवारी माल नाय आला, तर मी दुसऱ्याचा ठेवतो.” मला खरंच भीती वाटली. शिफ्ट तर तिने कधीच सोडली होती.

“लोकं ती ओळ वाचून पापड नेतात,” ताई म्हणाली. “पीठ संध्याकाळी कुटू. लाटू सकाळी.”

गुरुवारी मी मदतीला पेणला गेले. दोघींनी आळीपाळीने मुसळ चालवलं, खांदे भरून आले. ताईने चाखलं, मी चाखलं. झकास होतं. मगरिबची अजान झाली. भाभीने खजूर खाऊन, पाणी पिऊन रोजा सोडला आणि तशीच आमच्या ओट्यावर आली. लाटी तोंडात घालून बराच वेळ चावत राहिली.

“मीठ कमी हाय गो.”

राहू दे, चालतंय, असं अगदी माझ्या तोंडावर आलं होतं. ताईने मिठाचं पाणी केलं, पिठावर शिंपडलं आणि उखळ पुन्हा पुढे ओढलं. भाभी घरी परत गेली नाही. ओढणी कमरेला खोचून तिने माझ्या हातातलं मुसळ घेतलं.

“आधी जेवून तर घे,” ताई म्हणाली.

“मंग जेवू.” आणि मला बाजूला सारत म्हणाली, “तू बस गो. तुजं लिवून झालंय.”