शेख बाईंचा दुसरा निरोप समारंभ

मंडळी, एकाच माणसाला निवृत्तीचा निरोप दोनदा देता येतो, हे आज लेकीच्या वारज्यातल्या महापालिका शाळेत कळलं.

तिच्या वर्गशिक्षिका शेख बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, मुलं रडली. त्यांच्या जागी नवीन शिक्षक काही आला नाही. मग निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर घ्यायची सरकारी योजना आली आणि बाई परत त्याच वर्गावर, त्याच खुर्चीत बसल्या.

आज कंत्राट संपलं. पुन्हा समारंभ. बाईंनी नारळ घेतला, पण शालीची घडी मोडू दिली नाही. मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "अहो, ही कपाटातच ठेवा. परत लागेल."

सगळे हसले. मुख्याध्यापिका सोडून. सोमवारपासून त्या वर्गावर कोणाला पाठवायचं, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

या वेळी एकही मूल रडलं नाही. घरी येताना लेकीला विचारलं, "बाई गेल्या, वाईट नाही वाटलं?"

"बाबा, त्याच येतील परत. दुसरं कोणी येतच नाही."

ती दुसरीत आहे. तिचं म्हणणं कोणाला खोडता येत असेल, तर खाली जरूर लिहा.